फिकट रेघ

“आजच करून टाका की वो डॉक्टरीणबाई,” हौसाबाई म्हणत होत्या. “पोरीनं मन घट्ट केलंय, तवर हून जाऊ द्या. उद्यापतूर परत पातळ व्हायची.”

मी जिना चढून वर येत होते. गावी आईचं तेरावं उरकून, रात्रभर एसटीत बसून थेट कामावर आले होते. खांद्याला पिशवी, डोळ्यांत नुसती चुरचुर, आणि आल्या आल्या कानावर हे. बाळंतपणाच्या वॉर्डाच्या दारात डॉक्टरीणबाई घाईघाईनं हात पुसत उभ्या होत्या. “बघते,” त्या म्हणाल्या. “दुपारची एक केस रद्द झालीय. जमलं तर घेऊ.”

भिंतीला टेकून सिंधू फरशीवर बसली होती. तिच्या मांडीवर तिची पाच वर्षांची पमी झोपली होती. सिंधूनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. ‘कधी आलात बाई’ नाही की काही नाही. मला काय ते कळलं.

हे लिगाडे सांगोल्याकडचे. पमी वर्षाची असल्यापासून आमच्याकडं यायचे. पोरीच्या अंगात रक्त धड बनायचंच नाही. थोड्या थोड्या दिवसांनी रक्ताची बाटली चढवायची, मग पोरगी आठवडाभर उड्या मारायची, मग पुन्हा पांढरी फटक. हा आजार होतो तो शरीरानं रक्त कसं बनवायचं त्या सूचनेत, म्हणजे जनुकात, एक अक्षर चुकल्यानं. सूचनेची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. एक चुकीची आली तरी दुसरीवर निभावतं, त्या माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही. दोन्ही चुकीच्या आल्या की पमीसारखं होतं. सिंधू आणि तिचा नवरा दत्तू, दोघांकडंही एकेक चुकीची प्रत होती. त्यात नवल कसलं? सिंधू दत्तूच्या सख्ख्या मामाची मुलगी. हौसाबाई तिची सासू खरी, पण त्याआधी आत्या. आमच्या भागात मामाची मुलगी असताना बाहेर बघितली तर लोक विचारतात, का हो, काही बिनसलं का?

आता सिंधूला तिसरा महिना होता. वारेचा बारीक तुकडा काढून आमच्या प्रयोगशाळेत दिला होता. हे बाळही पमीसारखं निघालं तर ठेवायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांना कोण काय म्हणणार? एक पमी ओढता ओढता त्या घराचा जीव मेटाकुटीला आला होता.

मी पिशवी टेबलाखाली सरकवली आणि अलकाला विचारलं, “लिगाड्यांचं काय आलं?”

अलका सावळे आमच्याकडं नवीनच लागली होती. हाताला चांगली, मनानं हळवी. मी नसताना सगळं काम तिनंच रेटलं होतं, कारण आमचे प्रमुख डॉ. मोकाशी काविळीनं अंथरुणाला खिळले होते आणि कालच परत येऊ लागले होते.

“आजारीच आहे, ताई,” ती म्हणाली. “सरांनी सकाळी सांगितलं त्यांना. ती बाई रडलीसुद्धा नाही.”

“रडायला काही शिल्लक असेल तर रडेल ना,” मी म्हटलं. “आण, जेल दाखव.”

त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली. हल्ली यंत्र एकेक अक्षर वाचून पडद्यावर दाखवतं, पोरींना खुर्चीतून उठावंही लागत नाही. तेव्हा आम्ही ती चूक आडवाटेनं पकडायचो. सूचना म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन धागे. धाग्यावर चारच अक्षरं, आणि कुठल्या अक्षरासमोर कुठलं बसणार ते ठरलेलं. तापवलं की धागे सुटतात. हळूहळू गार केलं की पुन्हा जोडी शोधून चिकटतात. पण त्या गर्दीत कधी बरोबर प्रतीचा धागा चुकीच्या प्रतीच्या धाग्याला चिकटतो. मग त्या एका जागी अक्षरं जुळत नाहीत, तिथं फुगवटा राहतो. अशा जोडीला जेलच्या, म्हणजे खळीसारख्या पारदर्शक पदार्थाच्या, थरातून वीज लावून पळवली की चपलेत खडा गेलेल्या माणसासारखी ती मागं राहते. जेल रंगवल्यावर नेहमीच्या रेघेच्या वर आणखी एक रेघ उमटते. ती वरची रेघ म्हणजे चुकलेली जोडी.

यात एक मोठीच ग्यानबाची मेख होती. पमीसारख्या पोराच्या दोन्ही प्रती चुकीच्या, आणि चूक चुकीशी अगदी चपखल जुळते. वरची रेघ येतच नाही. नुसत्या जेलवर बघाल तर पमी आणि एखादं ठणठणीत पोर यांच्यात काडीचा फरक नाही. म्हणून मग त्यात एका निरोगी माणसाचे धागे मिसळायचे. पोर निरोगी असेल तर सगळं सगळ्याशी जुळतं. आजारी असेल तर वरची रेघ दिसते. यासाठी घरातलं रक्त उपयोगाचं नाही. बाहेरच्या माणसाचंच लागतं.

आमचा तो बाहेरचा माणूस म्हणजे खुद्द डॉ. मोकाशी. वर्षानुवर्षं त्यांचंच रक्त. नळीवर नावही नसायचं, नुसता ‘न’. न म्हणजे निरोगी. सुरुवातीला आम्ही दर जेलवर तो ‘न’ एकटाही चालवायचो, त्याच्यात चूक नाही ना याची खात्री म्हणून. मग सर म्हणाले, किती वेळा माझंच रक्त तपासणार? जेलवरचा एक खाना वाया जातो. तेव्हापासून तो खाना गाळला. सामान बाहेरून यायचं, महाग होतं. सर चुकीचं काही बोलत नव्हते.

अलकानं जेल दिव्याच्या काचेवर ठेवलं. सिंधूच्या खान्यात वरची रेघ ठसठशीत. दत्तूच्याही. पमी एकटी, रेघ नाही. पोटातलं बाळ एकटं, रेघ नाही. पमी आणि ‘न’, रेघ आहे. बाळ आणि ‘न’, रेघ आहे. म्हणजे बाळ पमीसारखं.

“झालं,” अलका म्हणाली. “मी दोनदा बघितलं.”

मीही जेल बाजूला ठेवणार होते. खरं सांगते, अंगात त्राण नव्हतं. पण मला मेलीला एक खोड आहे, एखादी गोष्ट डोळ्याला खुपली की खुपते.

“ही रेघ फिकट का गं?”

“कुठली?”

“मिसळलेल्या खान्यांतली. पमीची आणि बाळाची. आई-बापाची बघ किती गडद आहे.”

“मिसळताना कमी-जास्त झालं असेल.”

“दोन्हीकडं अगदी सारखंच कमी-जास्त? सिंधूत बरोबर आणि चूक निम्मी निम्मी. पमीत निम्मा ‘न’ घातला तर तिथंही निम्मी निम्मीच होणार ना? रेघ तेवढीच गडद यायला पाहिजे. मी पमीची रेघ आधी बघितलीय, ही अशी कधीच नव्हती.” मग मला एकदम वाटलं म्हणून विचारलं, “‘न’ कुठला वापरलास?”

“नवा. जुना संपला होता.”

“नवा कुठून आणलास? सर तर काविळीत. त्यांचं रक्त घेतलंस की काय?”

“छे हो ताई! काविळीत कसं घेईन? सर फोनवर म्हणाले, कुणाही निरोगी माणसाचं घे. मग म्हटलं दुसऱ्या कुणाच्या कशाला मागं लागा. माझंच घेतलं.”

“आणि एकटं चालवून बघितलंस?”

ती माझ्याकडं बघत राहिली. “‘न’ एकटा चालवतात? तुम्ही तर कधी चालवताना दिसला नाहीत.”

खरंच होतं. ती आली तेव्हा तो खाना बंद होऊन जमाना झाला होता. माणूस बदलला, नळीवरचं अक्षर तेच राहिलं, आणि गाळलेला खाना गाळलेलाच राहिला.

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. अलका मागोमाग आली. सर डोळे मिटून बसले होते. डोळे उघडले तर अजून पिवळेच.

“शेटेबाई, आणखी चार दिवस रजा घ्यायची होती,” ते म्हणाले.

“सर, लिगाड्यांच्या जेलवर वरची रेघ फिकट आहे.”

“फिकट का होईना, आहे ना?”

“‘न’ तुमचा नाही, अलकाचा आहे. तो एकटा कुणी चालवलेला नाही. समजा अलकाकडंच एक चुकीची प्रत असली, तर? मग तिच्या रक्तात बरोबर धागेही आहेत आणि चुकीचेही. ते कुणातही मिसळा, वरची रेघ येणारच. पमीत येईल आणि चांगल्या बाळातही येईल. आणि अशीच येईल, फिकट.”

सर सरळ बसले. अलकानं दाराची चौकट धरली.

“म्हणजे बाळाबद्दल आपल्याला काहीच कळलेलं नाही, असं तुमचं म्हणणं,” सर म्हणाले.

“असं असू शकतं, एवढंच म्हणणं.”

“शंभरात तीन-चार माणसांत ही चूक असते. ती नेमकी आपल्या अलकात?”

“कुणात तरी असणारच की, सर. त्या तीन-चार जणांच्या कपाळावर लिहिलेलं असतं का?”

त्यांनी पिवळे डोळे चोळले. मग म्हणाले, “आणि तुमची शंका खोटी निघाली तर? त्या बाईला मी आज सकाळी सांगितलंय. तिनं कसंबसं गिळलंय ते. आता परत आशा लावायची, आणि उद्या पुन्हा तेच सांगायचं? हे पाप कुणी करायचं?”

“आशा मी लावत नाही. मला एक दिवस द्या.”

“दिवस घ्या. पण त्यांना का थांबायचं ते सांगू नका.”

त्यांचं चुकत होतं असंही नाही. कारण न सांगता थांबवायचं म्हणजे कसं, हे मात्र मला सुचत नव्हतं. मी वॉर्डात गेले.

पमीच्या हाताला बाटली लावली होती. ती जागी होती आणि छताच्या पंख्याकडं बघत होती. दत्तू चहा आणायला खाली गेला होता. हौसाबाई पायथ्याशी बसून पमीचे तळवे चोळत होत्या.

“सिंधू, आज दुपारी ते करून घेऊ नकोस,” मी म्हटलं. “उद्या सकाळपर्यंत थांब.”

“का?” हौसाबाईंनीच विचारलं.

“आम्हाला एकदा परत बघायचंय.”

“काय बघायचं ऱ्हायलंय? डागदर म्हनले आजारी हाय. झालं की.”

“खात्री करून घ्यायची असते.”

“खात्री न करताच सांगितलं व्हय सकाळी?”

मला राग आला. रात्रभराचं जागरण, आईचं दुःख, आणि वर ही बाई. वाटलं, इतकी कसली घाई हिला? दुसरी कुठली सासू असती तर हातापाया पडली असती, बघा हो परत, काही होतंय का. हिला मात्र नातवंड कधी एकदा जातंय असं झालंय. चार वर्षं या बाईला बघत होते मी. कधी हसताना बघितली नाही.

सिंधूनं पमीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग उठून मला दारापाशी घेऊन गेली.

“बाई, खरं सांगा. काय निघंल का त्यातनं?”

“सांगता येत नाही.”

“मग नगं. पाया पडते तुमच्या. आता मला काय दावू नगा. एकदा मन मेलं ते बरं हाय. परत जित्तं करून परत मारू नगा.”

एवढी मोठी मी, इतक्या घरांना वाईट बातम्या सांगितलेली. तरी त्या पोरीचा मी नुसता हात धरला. हात गार पडला होता.

“एक रात्र दे मला,” मी म्हटलं. “मी काही कबूल करत नाही. तू काही आशा धरू नकोस. पण एक रात्र दे.”

तिनं माझ्याकडं बघितलं. काय बघितलं कोण जाणे. माझंही तोंड तेव्हा तिच्यासारखंच असणार.

“पमीची बाटली संध्याकाळपतूर चालंल,” ती म्हणाली. “मग गाडी सकाळीच हाय. तवर हाय मी हितंच.” मग आत जाऊन सासूला म्हणाली, “आत्या, उद्या करू.”

हौसाबाईंनी हातातला तळवा सोडला आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

आता नवा ‘न’ पाहिजे होता. मी बाही वर केली आणि अलकासमोर हात टाकला.

“घे माझं.”

“ताई, तुमच्यात पण चूक असली तर?”

“म्हणून तर मी पण एकटी चालणार. तू पण एकटी. सगळे खाने भरायचे, एक गाळायचा नाही. आणि घाबरू नको, मी मरत नाही.”

तिनं सुई टोचली. तिसऱ्यांदा शीर सापडली. दिवसभर मग आम्ही दोघींनी मिळून सगळं पहिल्यापासून केलं. धागे काढले, वाढवले, तापवले, गार केले. संध्याकाळी जेल लावलं. आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून जाताना मी जेलच्या डब्याला हात जोडले. देवाला कधी जोडले नव्हते इतक्या भक्तीनं. अलका हसली नाही, तिनंही जोडले.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही दोघी हजर. सरही आले होते, गळ्याला मफलर गुंडाळून. जेल रंगवायला ठेवलं. रेघा एकदम दिसत नाहीत, हळूहळू वर येतात. तोवर तिघांपैकी कुणी कुणाकडं बघितलं नाही.

अलकाच्या खान्यात दोन रेघा. वरची ठसठशीत, अगदी सिंधूसारखी.

माझ्या खान्यात एकच.

पमी आणि मी, वरची रेघ गडद, अशी की लांबून दिसावी.

बाळ आणि मी, एकच रेघ. वर काही नाही. मी चष्मा पुसला, काच फिरवली, खालून बघितलं, वरून बघितलं. काही नाही. स्वच्छ.

“चांगलं आहे,” सर म्हणाले. “शेटेबाई, बाळ चांगलं आहे.”

मला रडू फुटलं. आई गेली तेव्हा चार लोकांसमोर नीट रडताही आलं नव्हतं, सगळी व्यवस्था माझ्याच गळ्यात. ते सगळंच त्या टेबलापाशी बाहेर आलं. सरांनी आपला रुमाल दिला आणि खिडकीकडं वळून उभे राहिले.

अलका आपल्याच खान्याकडं बघत होती. “म्हणजे ताई, मला आजार आहे?”

“आजार कसला गं! घोडी आहेस तू तब्येतीनं. तुझी एक प्रत चुकीची आहे, दुसरी भक्कम आहे. फक्त लग्न ठरेल तेव्हा मुलाचं रक्त आधी इथं घेऊन ये. पत्रिका मागाहून बघा.”

“पण माझ्यामुळं आज ते बाळ...”

“तुझ्यामुळं काही नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं. चल, तोंड धू.”

वॉर्डात सिंधूला न्यायची तयारी झाली होती. तिला कालपासून उपाशी ठेवलं होतं. दत्तू तिच्या शेजारी उभा, हौसाबाई पमीला कडेवर घेऊन. सर पुढं झाले. मी त्यांच्याबद्दल एवढं मात्र म्हणेन, त्यांनी दुसऱ्या कुणाला पुढं केलं नाही.

“कालचं आमचं चुकलं,” ते म्हणाले. “तपासायला बाहेरच्या चांगल्या माणसाचं रक्त मिसळावं लागतं. तुमच्या घरातलं चालत नाही, कारण घरातल्या सगळ्यांत एकच चूक असली तर ती एकमेकांत झाकून जाते, दिसत नाही. जे बाहेरचं रक्त आम्ही घेतलं, ते या अलकाचं. तिच्यातही तीच चूक निघाली. आम्ही ते आधी बघायला पाहिजे होतं. आता शेटेबाईंचं रक्त घेऊन परत केलंय. बाळ चांगलं आहे. पमीसारखं नाही.”

दत्तू खाटेवर बसला. सिंधूचं तोंड तसंच कोरं. तिला ऐकू गेलं की नाही तेच कळेना.

“कालचं खोटं आन् आजचं खरं, हे कशावरून?” हौसाबाई म्हणाल्या.

“आई!” दत्तू म्हणाला.

“तू गप. काल बी हेच डागदर हुते. आज एक म्हनत्यात, उद्या आनिक एक म्हनतील. न्हाई. ठरल्यापरमानं मोकळी करा तिला.”

माझा तोल गेला. “अहो, नातवंड धडधाकट आहे म्हणून सांगतोय आम्ही! कुणी आनंदानं नाचलं असतं. तुम्हाला काय झालंय तरी काय? तुमचं काय खाल्लंय त्या जिवानं?”

हौसाबाईंनी पमीला खाली ठेवलं. पमी जाऊन आईला बिलगली.

“बाई, तुम्ही सांगा,” त्या म्हणाल्या. “डागदर नगं. तुम्ही. हे पोर पांढरं पडंल का?”

“नाही पडणार.”

“नक्की?”

“नक्की. माझ्या सख्ख्या भाचीचं असतं तरी हेच सांगितलं असतं.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि एकाएकी त्यांचं तोंड वाकडं झालं.

“माझी तिघं पांढरी पडून गेली,” त्या म्हणाल्या.

दत्तूनं मान वर केली. “तिघं? मला तर एक थोरलाच म्हाईत हुता.”

“कोन सांगनार तुला? पैला रांगत हुता. मागनं पोरगी झाली, ती चालाय लागली आन् गेली. तिसरा दोन वर्सांचा झाला. म्या म्हनलं ह्यो सुटला. त्यो बी मांडीवरच गेला. नखं बघत बसायची मी दिसभर. आधी नखं पांढरी व्हायची.” त्यांनी पदरानं नाक पुसलं. “गाव मला काय म्हनायचं ठावं हाय? पोरं खाती म्हनायचं. कुनाचं लेकरू हातात घेतलं की वडून घ्यायचे. बारशाला बोलावनं न्हाई, डोहाळजेवनाला न्हाई. माझी सासू, सख्खी माझी मामी, तिनं तोंडावर म्हनलं. मग ह्यो दत्तू जगला. ह्याचं लगीन करायचं आलं तवा मला लई भ्या वाटलं.”

“म्हणून भावाची पोर केलीत?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

“म्हनूनच. परकी आनली, आन् तिची बी पोरं अशीच गेली, तर ह्ये घरदार तिला बी तसंच बोलनार. भावाची पोर असली तर मी तरी बोलनार न्हाई. कुनी बोललं तर मी आडवी पडंन. एवढाच इचार केला मी.”

“आत्या मला कधीच न्हाई बोलली,” सिंधू म्हणाली. बातमी सांगितल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “पमीपायी एक शबुद न्हाई.”

आणि मला आठवेना खरंच, चार वर्षांत या बाईनं सुनेला एकदा तरी दोष दिलेला. मी तिला दगड समजत होते. आणि कालपासून ती घाई करत होती ती एवढ्याचसाठी, की चौथं लेकरू मांडीवर जायला नको.

हौसाबाई काहीतरी मनाशी जुळवत होत्या. मला ते दिसत होतं आणि त्यांना थांबवता येत नव्हतं.

“डागदर आत्ता म्हनले,” त्या सावकाश म्हणाल्या, “घरातल्या घरात ती चूक झाकून जाती. भायरचं लागतं.”

“हो,” मी म्हटलं.

“मग म्या भायरची सून केली असती, तर पमी अशी झाली नसती का वो?”

याचं उत्तर आम्हा तिघांना ठाऊक होतं. नसती झाली. जवळजवळ नक्कीच नसती झाली. कालपासून ‘खात्री’, ‘खात्री’ म्हणून जिवाचं रान केलेली मी, माझ्यापाशी उत्तर तयार होतं. सर जमिनीकडं बघत होते. सिंधूनं पमीचं डोकं पोटाशी धरलं होतं.

“ते नाही सांगता येत, हौसाबाई,” मी म्हटलं. “ही अलका बघा. तुमच्या ना नात्यातली ना गोत्यातली. तिच्यातही तीच चूक निघाली. तुम्ही परकी केली असती आणि ती अशीच निघाली असती तर काय केलं असतं?”

मी हे बोलले, आणि आजही कुणी तसं विचारलं तर तसंच बोलेन.

हौसाबाईंनी अलकाकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांची नजर काही भोळी नव्हती.

“तुमचं तर चांगलं निघालं न्हवं?” त्या म्हणाल्या.

मी नजर वळवली. त्यांनी मान हलवली. पदर खोचला, खाटेखालची पिशवी ओढली आणि तिच्यातून भाकरीचं फडकं काढलं.

“ऊठ गं सिंधे,” त्या म्हणाल्या. “दोन जीवांची हाईस. कालपासनं पोटात कायबी न्हाई तुझ्या.”